खरकटी भांडी आणि दोन उमेदवार

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या आमच्या नॉर्डबी गावाच्या चौकात चार बाजूंनी चार गाड्या आल्या की चौघेही हात हलवून एकमेकांना सांगतात, "तुम्ही निघा." मग कुणीच निघत नाही. एकदा तिथे एवढा वेळ गेला की शेजारच्या गाडीतल्या पाद्रीबाबांनी थर्मास काढून कॉफी ओतून घेतली. जेवणाच्या टेबलावरही तोच प्रकार. ताटात रुबार्बच्या आंबटगोड देठांची शेवटची वडी उरली की कुणीतरी तिचा अर्धा तुकडा घेतो, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा घेतो, आणि शेवटी नखाएवढा तुकडा झाकून घरी परत जातो. शेवटचा घास उचलणारा हावरट, आणि तोंडावर "नाही" म्हणणारा तर माणसातच जमा नाही.

अशा गावात ऑर्डिस त्वेत जन्माला यावी, ही देवाची थट्टाच म्हणायची. उंच, ताठ, भुवया जरा वर चढलेल्या. तिने धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळण्यात उमेदीची सगळी वर्षं घालवली. शेतकऱ्याने ट्रकमध्ये काय भरलंय ते खुशाल सांगावं, काटा दाखवेल तेच ऑर्डिस बोलायची. नवरा गेला, नोकरी संपली, पण सवय काही सुटली नाही. चर्चच्या तळघरात शाळा मंडळाच्या उमेदवारांची संध्याकाळ भरते, तिथे घंटी वाजवायचं काम तिच्याकडे आलं. कुणी जास्त बोललं की घंटी. पण आमच्याकडे जास्त बोलतो कोण? एक उमेदवार उठून म्हणतो, "माझ्यासाठी मुलं आधी." दुसरा उठतो, "मला यांच्यापेक्षा वेगळं काही म्हणायचं नाही." टाळ्या, कॉफी, घर. घंटी गंजायला आली होती.

गेल्या खेपेला ऑर्डिसने अशाच एका मुलं-आधीवाल्याला मत दिलं. तो निवडून आला आणि नाताळ उरकायच्या आत त्याने शाळेचा बँड बंद करायला हात वर केला. ऑर्डिसची नात ब्रिटा ट्रॉम्बोन वाजवते. तिने जेवताना शांतपणे विचारलं, "आजी, तू त्यालाच मत दिलं होतंस ना?"

दुसऱ्या दिवशी ऑर्डिस माझ्या हार्डवेअरच्या दुकानात आली आणि खिळ्यांच्या बरणीसमोर उभी राहून म्हणाली, "न वजन करता कधी एक पोतं घेतलं नाही मी. आणि मत मात्र आंधळेपणाने देत आले. पुन्हा नाही देणार."

यंदा जागा एक आणि उमेदवार दोन. प्रश्नही एकच होता आणि तो बारक्या पोरांनाही ठाऊक होता: नॉर्डबीचं हायस्कूल ठेवायचं, की बंद करून मुलांना बसने शेजारच्या हार्मन गावाला पाठवायचं? पण उघड कुणी बोलेल तर शपथ. पहिला उमेदवार अर्लिन ब्रेके, टर्की पक्षी पाळणारा, ऑर्डिसचा शेजारी आणि वर्गमित्र. तिचा नवरा गेल्यापासून दर हिवाळ्यात तिच्या अंगणातलं बर्फ तोच काढतो, न सांगता, न चहापाणी घेता. त्याला शाळा इथेच हवी होती. दुसरी जोलीन सॅथर, दंतवैद्याकडे दात साफ करणारी. समोरच्याच्या तोंडात हात घालून बोलायची तिला सवय, त्यामुळे उलट उत्तर ऐकायचा प्रसंग तिच्यावर कमीच आलेला. ती हार्मनच्या बाजूची होती.

ऑर्डिसचं मन तर कधीच ठरलं होतं. शाळेच्या विटा तिच्या वडिलांनी रचलेल्या. "एकदा नीट वाद होऊ दे," ती मला म्हणाली, "जोलीनचं एक अक्षर टिकायचं नाही. बघशील तू."

ती संध्याकाळ आली. चीज घालून भाजलेलं हॉटडिश खाऊन झालं, गाव खुर्च्यांवर बसलं आणि ऑर्डिसने सरळच विचारलं, "शाळा राहणार की जाणार?"

अर्लिन उठला. "हा फार चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला आणि बसला.

जोलीन उठली. "मी अर्लिनशी सहमत आहे. फारच चांगला प्रश्न."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, हाताला वळणच पडलंय. ऑर्डिसच्या भुवया केसांत जाऊन भिडल्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची ही आमची जुनी रीत तिला त्या क्षणी असह्य झाली असावी. स्वयंपाकघरातल्या बायका नेहमीसारख्या भांडी घासायला उठत होत्या. ऑर्डिस त्यांच्याकडे बघत राहिली. आणि मग तिने अशी घंटी बडवली की मागच्या रांगेतले आजोबा दचकून जागे झाले.

"बायांनो, बसा खाली. अर्लिन, तू घास. जोलीन, तू पूस."

आता हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल. पण आमची माणसं समोरासमोर बसली की मूग गिळून बसतात. खरं बोलतात ती शेजारी शेजारी असताना, नजर दुसरीकडे असताना. ट्रकमध्ये, गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना, नाहीतर भांडी घासताना. ऑर्डिसला तिच्या नवऱ्याने लग्नाचं विचारलं तेव्हा दोघं कुंपणाचा खांब रोवत होती, आणि तो खांबाकडेच बघत होता.

तिने स्वयंपाकघरातून ताटं बाहेर द्यायच्या खिडकीची फळी वर सरकवली. आम्हाला दोन पाठी दिसायला लागल्या, एक रुंद आणि एक सडपातळ. नळ सुरू झाला. ताटं खणखणायला लागली.

मग जोलीन म्हणाली, "अर्लिन, हे परत घासा. चीज चिकटलंय."

"चीज नाही ते. नक्षी आहे."

"नक्षी नाही. चीज आहे."

नॉर्डबीत चारचौघांत एवढं उघड भांडण मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"तुला चांगल्या गोष्टीतही खोट दिसते," अर्लिनची पाठ म्हणाली. "ताटात दिसली, शाळेत दिसली."

"शाळेत नववीत पाच मुलं आहेत. पाच! रसायन शिकवणारी बाई पडद्यावरून येते, आणि इंटरनेट गेलं की तीही जाते."

"पाच असली की शिक्षकाला प्रत्येक पोर नीट ठाऊक असतं."

"तुम्हालाही तुमची प्रत्येक टर्की ठाऊक असते. तिला त्याचा काय फायदा झाला?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. अर्लिनने ताट पाण्यात आपटलं. "हार्मनचा रस्ता जानेवारीत बघितलायस? बस खड्ड्यात गेली तर तू काय, पोरांचे दात घासायला जाणार?"

"वादळ असलं की सुट्टी असते. दरवर्षी असते."

"अगं, शाळा गेली की किराणा जातो. किराणा गेला की कॅफे. मग हे चर्च. मग ही भांडी घासायला तरी कोण उरणार इथे?" त्याचा आवाज कापत होता. मी खुर्ची पुढे ओढली, कारण कॅफेनंतर पाळी माझ्याच दुकानाची होती. ऑर्डिस खिडकीशी उभी होती. तिने मान डोलावली, जिंकल्यासारखी.

जोलीनचा पुसणारा हात थांबला. "म्हणजे गाव जगावं म्हणून पोरांना धरून ठेवायचं?" ती हळूच म्हणाली. "ब्रिटा रोज संध्याकाळी एकटीच ट्रॉम्बोन वाजवते, आमच्या घरात ऐकू येतं. गाणं मध्येच थांबतं, कारण पुढचा भाग दुसऱ्या वाद्याचा असतो. ती तेवढा वेळ गप्प बसते आणि पुन्हा सुरू करते. हार्मनच्या बँडमध्ये चाळीस मुलं आहेत, अर्लिन."

अर्लिन एकच ताट घासत राहिला. "ते खरं आहे," तो शेवटी म्हणाला. "तरी माझं मत बदलत नाही."

"ठाऊक आहे. हे ताट द्या इकडे, झालं ते स्वच्छ."

ऑर्डिसच्या हातात घंटी तशीच राहिली. वेळ केव्हाच संपली होती, पण तिने काही वाजवली नाही.

दोन दिवसांनी ती दुकानात आली, भलतीच चिडलेली. "मी वाद मागितला तो अर्लिनने जिंकावा म्हणून!" जणू मीच काही केलं होतं. "ते गाणं मी रोज ऐकते. मला वाटायचं, पोरगी चुकते म्हणून थांबते."

"मग नको ना मनावर घेऊस," मी म्हटलं.

"ऐकलेलं कसं परत करू? तुझ्या दुकानातले खिळे आहेत का ते?"

तिने जोलीनला मत दिलं. जोलीन थोडक्या मतांनी निवडून आली. मत कुणाला दिलं ते आमच्याकडे नवरा बायकोला सांगत नाही. ऑर्डिस मात्र सरळ अर्लिनच्या दारात गेली आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी तुला मत दिलं नाही. तू स्वतःहून विचारणार नाहीस, म्हणून सांगायला आले." तो "बरं" म्हणाला आणि दार लावून घेतलं. त्या आठवड्यात कॅफेत दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसली. ऑर्डिसने माझ्याकडून बर्फाचं फावडं विकत घेतलं. या वयात. मला फार वाईट वाटलं, पण विकलं.

मग रात्रभर बर्फ पडलं. सकाळी ती कोट चढवून, फावडं घेऊन दाराशी आली, तर अंगण साफ. अर्लिनचा ट्रॅक्टर फाटकात धडधडत होता आणि तो स्वतः पायरीवर उभा, मिशांना बर्फ.

"मी हे म्हणायला आलोय," तो चक्क तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "की तुझं चुकलं, ऑर्डिस. साफ चुकलं. आणि का ते मी सांगणार आहे."

ऑर्डिसने फावडं भिंतीला टेकवलं आणि दार पूर्ण उघडलं.

"आत ये," ती म्हणाली. "कालची भांडी पडलीत."