तांबड्या ठिपक्यांचं रान

थोरल्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी तास संपवून नुकताच डबा उघडला होता.

"तू ये की गं जरा. सोयाबीनवर तांबडं ठिपकं आल्यात. भावजींनी ट्रॅक्टर सांगितलाय."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. ताईचं बोलणं नेहमी असंच, पुढचं आपण समजून घ्यायचं. मी डबा तसाच बंद केला आणि हातकणंगल्याकडे गाडी काढली.

मी कोल्हापुरात एका शेती कॉलेजात पिकांचे रोग शिकवते. त्यामुळे नातेवाइकांत माझी गत गावातल्या डॉक्टरासारखी झाली आहे. लग्नाच्या पंगतीत बसलं तरी कुणीतरी खिशातून वाळकं पान काढून माझ्या ताटाशेजारी ठेवतं. एरवी मी वैतागते. त्या दिवशी मात्र मी वाटेत गाडी कुठंच थांबवली नाही, कारण ते बियाणं मीच निवडून दिलं होतं.

दाजी गेल्यापासून घरचं सगळं रान ताईचा दीर बघायचा आणि सगळीकडे ऊसच करायचा. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की चहा मागितला तरी भांडण वाटावं. त्या वर्षी ताईनं त्याच्याकडे वरचा तुकडा मागितला. सोयाबीन मी स्वतः करते, म्हणाली. त्या घरात आल्यापासून तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. दीर म्हणाला, "करा की. पर न्हाय जमलं तर मोडून ऊस लावायचा." आमच्या भागात सोयाबीनवर तांबेरा हा बुरशीचा रोग हमखास येतो, म्हणून मी तिला तांबेऱ्याला दाद न देणारं वाण दिलं. आता ते रान मोडलं असतं तर पीक गेलंच असतं, पण ताईनं पुन्हा तोंड उघडून काही मागितलं नसतं. मला भीती त्याची होती.

पोचले तेव्हा ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभा होता. ड्रायव्हर मोबाइल बघत बसला होता. ताई बांधावर पदर घट्ट धरून उभी, आणि दीर कमरेवर हात ठेवून.

"या मॅडम," तो म्हणाला. "बघा तुमचं रोग न लागणारं बियाणं. अंगभर गोवर उठल्यागत झालंय. आणि शेजाऱ्याचं बघा, कसं हाय!"

खरंच, बांधावरून बघितलं तर शेजारचं सोयाबीन बरं दिसत होतं. जरासं पिवळट, बाकी काही नाही. ताईच्या पानांवर मात्र लालसर तपकिरी ठिपकेच ठिपके. बांधावरून पीक जोखायची आमच्याकडे जुनी खोड आहे. गाडीवरून उतरायचं नाही, वाकायचं नाही, आणि निकाल मात्र लावून मोकळं व्हायचं.

मी वाकले. पान उलटं करून भिंगातून बघितलं आणि जीव भांड्यात पडला. पण माझं कोण ऐकणार?

"तुमची टोपी द्या," मी दिराला म्हटलं.

भर रानात कोल्हापूरकडच्या माणसाची टोपी मागणं म्हणजे चेष्टा नाही. खळ घातलेली, कडक इस्त्रीची टोपी. ड्रायव्हरनंसुद्धा मोबाइलमधून मान वर केली. दिरानं माझ्याकडे, मग ताईकडे बघितलं आणि टोपी काढून दिली.

शेजाऱ्याच्या रानातलं एक पान आणून मी त्याची खालची बाजू टोपीवर घासली. विटकरी पट्टा उमटला. मग दुसऱ्या बाजूला ताईच्या रानातलं पान घासलं. थोडा हिरवा ओलसर डाग पडला, पण विटकरी भुकटी कुठेच नाही.

"ही भुकटी म्हणजे तांबेऱ्याचं बी," मी सांगितलं. "वाऱ्यावर उडतं आणि पुढच्या रानात जातं. शेजाऱ्याच्या पानाला रोग आत शिरल्याचं कळलेलंच नाही. ते त्याला जेवू घालतंय. ताईच्या पानाला कळलंय. हा रोग जित्या पेशीवरच जगतो. म्हणून रोग जिथं शिरला तिथल्या पेशी आपण होऊन मरतात, आजूबाजूच्यांनाही घेऊन. रोगाला खायला काही उरत नाही आणि तो तिथंच अडकतो. हे ठिपके म्हणजे तेवढ्याच मेलेल्या जागा. बाकीचं झाड जगतंय."

दीर टोपीकडे बघत राहिला. "म्हंजे ठिपकं झाडानंच पाडल्यात?"

"व्हय."

मला हसू येत होतं, रडूही येत होतं. त्याच भरात मी रस्त्याकडेच्या ओळींत शिरले आणि थबकले. तिथल्या झाडांना पानंच नव्हती. नुसत्या काड्या आणि शेंड्याला चार कोवळी पानं. कीड नाही, जनावराचं तोंड नाही. देठापासून हातानं खुडलेली पानं.

"हे कुणी केलं?" मी ओरडलेच. वर्गातला आवाज निघाला माझा. "चांगली लढती झाडं ओरबाडली कुणी?"

ताई खाली बघत म्हणाली, "मी."

"का गं?"

"ठिपकं दिसायला लागल्यापास्नं रोज उजाडायच्या आत येऊन खुडत हुतो. रस्त्यावरनं जाताना भावजींच्या नजरंला पडू नयेत म्हणून. मग लई झाली. हात पुरंनात."

मला एकदम वाईट वाटलं. दवात भिजलेली, ओच्यात पानं लपवून घरी जाणारी ताई डोळ्यांपुढे आली.

दिराचा आवाज एवढा खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "वैनी, माझं एवढं भ्या वाटतंय व्हय तुमाला?"

ताई नेहमीसारखं काहीतरी सांभाळून घेईल असं मला वाटलं.

"व्हय," ती म्हणाली.

तो बांधावर बसला. डाग पडलेली टोपी मांडीवर उलटीपालटी करत राहिला. मग उठला आणि ड्रायव्हरला हातानंच, जा, अशी खूण केली.

रस्त्याकडेच्या ओळींना शेंगा फारशा धरल्या नाहीत, आतलं रान चांगलं साधलं. यंदाही तो तुकडा ताईकडेच आहे. मी जाते तेव्हा बघते, दीर तिकडून चालला की बांधापाशी थांबतो, चप्पल तिथंच काढतो आणि जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारतो, "वैनी, येऊ काय आत?"