हरभऱ्याएवढा चेहरा

माझ्या मोठ्या भावाचा एकच फोटो होता. तो मॅट्रिकला असताना शाळेत सगळ्या वर्गाचा मिळून काढलेला. मागच्या रांगेत, खिडकीकडून तिसरा तो. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. पुढे तो काविळीनं वारला. त्यानंतर वर्षभरानं औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव आगी लागल्या, त्यात आमचं घर गेलं. आगी लागल्या असं म्हणायची मला सवय झाली आहे. लावल्या होत्या. लावणाऱ्यांतल्या दोघांना मी ओळखत होते, त्यांच्या शेतात मी खुरपायला जात असे.

राखेतून मायनं पत्र्याची पेटी ओढून काढली. फोटो लुगड्याच्या घडीत होता म्हणून जळाला नाही, पण धगीनं वाळून वाकडा झाला होता. दोन्ही कडा वर आणि मध्ये खोलगट. परभणीच्या एका स्टुडिओवाल्यानं मोठा करून द्यायचं कबूल केलं आणि काचेखाली दाबायला गेला, तर कोपरा मोडून त्याच्या हातात आला. मायनं फोटो हिसकावून घेतला. त्यानंतर तिनं तो कुणालाही दिला नाही.

गाव सुटलं. मी आणि माझे मालक परभणीजवळ सरकारी संशोधनाच्या शेतावर रोजंदारीला लागलो. माय आमच्याकडेच राहायला आली. एक दिवस भाकरी थापताना तिचा हात थांबला.

"बाई, त्याचे डोळे कसे होते गं?"

मी म्हटलं, "चांगले होते."

"चांगले म्हंजी कसे? आधी डोळे मिटले की दिसायचा. आता नुसता सदरा दिसायलाय. वर कायबी न्हाई."

त्यानंतर ती दर दोन-चार दिवसांनी हे विचारू लागली. फोटो उन्हात धरायची, लांब न्यायची, जवळ आणायची. लेकाचा चेहरा आपल्या डोक्यातून निघून चालला आहे याची तिला भीती बसली होती. मी भावाच्या तोंडाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी कुणाच्याच तोंडाकडे पाहत नसे.

शेतावर आम्हा बायांचं काम पिकावरच्या किडी वेचून डब्यांत भरायचं. तिथं फोटो काढणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. एकदा ते कापसाच्या प्लॉटवर आले आणि म्हणाले, "पान धरायला एक बाई पाहिजे. हात हलायला नको अन् तोंड बी."

सगळ्या जणींनी माझ्याकडे बोट दाखवलं. पिंगळीहून येणारी एक म्हणाली, "हिला न्या चाचा. हिला बोलती करायची तर पोलीस आणावे लागतील."

चाचा किडींचे फोटो काढत, ते पुढे शेतकऱ्यांच्या तक्त्यांवर छापले जात. त्यांचा कॅमेरा लोखंडी स्टँडवर असे. कॅमेरा आणि भिंग यांच्यामध्ये काळा घड्याघड्यांचा भाता होता, अगदी लोहाराच्या भात्यासारखा. भाता जितका ताणावा तितकी कीड मोठी दिसे. महिनाभर मी नुसती पानं धरली. मग एक दिवस ते म्हणाले, "बघ बेटी, तू बी बघ."

मी डोळा लावला आणि मागे सरले. पानावर मावा होता. जन्मभर बोटानं चिरडत आलेला हिरवा चिकटा. त्याला सहा पाय होते, डोळे होते, पाठीमागं दोन बारीक नळ्या होत्या, आणि तो चालत होता.

तिथून मला नाद लागला. जेवणाच्या सुट्टीत चाचा शिकवत. माझी चौथी झालेली, आकडे वाचता येत होते, तेवढं पुरलं. पण फोटो काही येईनात. कीड जितकी मोठी करावी तितकी ती धुरकट होते, हे मला आधी समजलंच नाही. डोळा स्पष्ट केला की पाठ धुक्यात जाई. पाठ धरली की डोळा जाई. नुसता श्वास सोडला तरी पान हले आणि स्पष्ट झालेलं परत धुरकट होई. पहिल्या रिळात एकही धड निघाला नाही.

"कुठं नजर ठेवलीस?" चाचांनी विचारलं.

"पाठीवर."

"का?"

"चमकते म्हणून."

"चमकते म्हणून! डोळा पकड. डोळा हुकला तर बाकीचं कशाला बघायचं?"

बोंडअळीच्या वेळी त्यांनी दुसरी गोष्ट शिकवली. अळी वळून पडते. तिचं डोकं एका उंचीवर, मधलं अंग दुसऱ्या, शेपूट तिसऱ्या. एका फोटोत सगळं स्पष्ट येतच नाही. म्हणून ते तीन काढत. एक डोक्यावर, एक मध्यावर, एक शेपटावर. तिन्ही कागदावर उतरले की ब्लेडनं स्पष्ट तेवढे तुकडे कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि त्याचा परत फोटो घ्यायचा. पाहणाऱ्याला एकच अळी दिसते.

मी पहिल्यांदा केलं तेव्हा मधला तुकडा डोक्यापेक्षा जाड निघाला. मी दरवेळी भिंगाची कडी फिरवली होती आणि त्यानं चित्र लहानमोठं झालं होतं. कडीला हात न लावता खालचा स्क्रू फिरवून सगळा कॅमेराच केसभर पुढे न्यायचा असतो. चाचांनी ती अळी भिंतीवर लावली. "ही नवीनच कीड हाय. साहेबाला कळवतो, तुझं नाव देतील तिला." आठ दिवस येणारा-जाणारा ती बघून हसत होता. मी मान खाली घालून काम करत राहिले.

मग एका दुपारी, वाकडी अळी कॅमेऱ्यात बघताना, मायचा वाकडा फोटो आठवला. त्यालाही दाबून सरळ करायची गरज नव्हती. जसा आहे तसा, तीन उंचीवर तीन फोटो. हे चाचांना सांगायला मला पंधरा दिवस लागले. वाक्य तयार करून जायची आणि पानं धरून परत यायची. शेवटी त्यांच्याकडे पाठ करून, डबे धुता धुता सांगितलं.

चाचांनी कॅमेऱ्यातलं रीळ किती उरलं ते पाहिलं. मग म्हणाले, "रीळ संपता संपता तीन-चार फोटो उरतात. ते तुझ्या भावाचे. घेऊन ये."

त्या संध्याकाळी मायला सांगितलं, तर ती उठून उभीच राहिली. "दाबणार न्हाईत ना?" असं तीनदा विचारलं. पण सोमवारी मी फोटो मागितला तर म्हणाली, उद्या. मंगळवारी म्हणाली, आज ऊन बरं नाही. बुधवारी मी पेटी उघडायला गेले तेव्हा ती पेटीवर बसली.

"काय झालं माय?"

ती पेटीवरून उठली नाही. मग कमरेची पिशवी सोडून चुन्याची डबी काढली आणि माझ्यापुढं ठेवली. डबीत कागदाचे चार-पाच कपचे होते, तिळाएवढे.

वाळून कडक झालेल्या चपलेला करडईचं तेल लावून मऊ करतात, तसं तिनं फोटोला लावलं होतं. कॅमेऱ्यापुढं लेक जरा नीट बसावा म्हणून. रात्रभर तेल मुरू दिलं आणि सकाळी तळहातानं हळूच दाबलं. चीर नेमकी त्याच्या चेहऱ्यावरून गेली. नाक निघून तिच्या हाताला चिकटलं.

"आगीतनं काढला," ती म्हणाली, "अन् माझ्या हातानं मोडला."

मी फोटो तसाच रुमालात गुंडाळून नेला. चाचांनी पाहिला, कापसानं टिपून वरचं तेल काढलं. रागावले नाहीत, काही विचारलंही नाही. तेल चमकू नये म्हणून दिवा बाजूला, खाली नेला आणि स्वतः सरकून मला जागा दिली.

भाता पूर्ण ताणून मी पाहिलं. आधी डावा डोळा. स्क्रू केसभर फिरवला की तो धुरकट व्हायचा आणि चीर वर यायची, दरडीसारखी. अजून फिरवला की उजवा डोळा. भाऊ जिवंत असताना त्याच्यासमोर मी मान वर केली नव्हती. आता तो माझ्याकडे बघत होता आणि मला मान खाली घालता येत नव्हती, हात हलला असता. तीन फोटो घेतले. एक जास्तीचा.

कागदावर चेहरा तळहाताएवढा आला. इतकं मोठं केल्यानं दाणे दाणे दिसत होते, पण डोळे होते. भुवया, कपाळावर आलेले केस, ओठ. मी तुकडे कापून चिकटवले. या वेळी कुठलाच तुकडा लहानमोठा नव्हता. मध्ये नाकाच्या जागी मात्र पांढरं. डबीतले कपचे आम्ही लावून पाहिले, ते तेलानं काळे पडले होते.

"पेन्सिलीनं भर," चाचा म्हणाले. "सगळे स्टुडिओवाले भरतात."

आम्ही भावंडं एकसारखी दिसतो असं लोक म्हणायचे. मी खिडकीला आरसा लावला, स्वतःचं नाक पाहिलं आणि तसं हळूहळू काढलं. चाचांनी लांबून बघितलं, जवळून बघितलं. म्हणाले, कुणाला कळणार नाही.

घरी माय दारात उजेडाला बसली. फोटो दोन्ही हातांत धरला. लांब नेला, जवळ आणला.

"डोळे त्याचेच हायत," ती म्हणाली. मग अंगठा मधोमध ठेवला. "हे नाक कुणाचं?"

माझा हात माझ्या नाकावर गेला.

"हे तुजं हाय. त्याचं असं कुठं होतं? त्याचं डाव्या अंगाला कललेलं. पाच वर्साचा असताना गाडीचं जू लागलं होतं, वालूरच्या बाजारातनं येताना. ह्या एवढं सुजलं होतं. तुला ठावं न्हाई, तू पाळण्यात होतीस. रबर आन."

मी रबर आणलं. माझं नाक पुसलं. ती सांगत गेली आणि मी पेन्सिल ठेवत गेले.

"अजून डावीकडं. एवढं न्हाई गं, काय त्याचं थोबाड फोडतीस का? हां. हितं जरा उंचवटा होता, हाड नीट जुळलं न्हाई म्हणून. त्याच्या खाली मोकळं ठेव. नाकपुडी बारीक. बारीक म्हणलं की."

दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा काढलं. कागद तिथं खरबरीत झाला. माय डोळे मिटून सांगत होती, मध्येच उघडून बघत होती, परत मिटत होती. तिला काही आठवावं लागत नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "हसला की ह्या गालाला खळी पडायची. पर फोटोत हसला न्हाई त्यो. ती नगं काढूस."