ब्रेकसाठी डोनर पाहिजे

चहाचा घोट आधी गिळून घ्या. ऐकताना तो तोंडात राहिला तर समोरच्याच्या अंगावर जाईल, आणि मग म्हणाल, शोभानं सावध केलं नाही! कोल्हारात माझ्याबद्दल लोक म्हणतात, बाई हुशार आहे, पिठाची गिरणी चालवते, पट्टा तुटला तर स्वतः बसवते. त्या हुशार बाईनं भर बैठकीत एका जित्याजागत्या माणसाकडं काय मागितलं, ते आता सांगतेच.

माझी एक जुनी छोटी गाडी आहे. पांढरी. म्हणजे होती पांढरी. मसाल्याची आणि भाजणीची पाकिटं भरून मी राहुरीला, लोणीला, कधी पार नगरपर्यंत जाते. गाडी गुणी. खोड एकच, थांबायचा तिला कंटाळा!

गेल्या हंगामात संध्याकाळची राहुरीहून येत होते. पुढं उसाची डबल ट्रॉली. मागं ना लाल दिवा, ना चिंधी. आणि ती थांबली की हो मध्येच! मी ब्रेकवर उभी राहिले. उभी म्हणजे अक्षरशः उभी, सीटवरून उठून. गाडीनं जरा विचार केला, मग सावकाश थांबली. उसाची टोकं समोरच्या काचेला टेकली होती. 

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. हे, म्हणजे विलास, साखर कारखान्यात आहेत. हंगामात कधी या पाळीला, कधी त्या पाळीला.

"विकून टाक तो डबा," हे म्हणाले.

"गाडी विकणार नाही. ब्रेक बदलणार."

"अगं, त्या गाडीला तेवढेच ब्रेक असतात!"

मिस्त्रीही तेच म्हणाला. "ताई, ब्रेक बरोबर हायेत. गाडीच्या वयाला एवढंच लागतात."

मला 'एवढंच' म्हटलेलं चालत नाही, हे माझ्या घरच्यांना विचारा. मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. गिरणीत एकीकडं ज्वारी पडतेय, एकीकडं माझं शिक्षण चालू! त्यातून कळलं की माझ्या गाडीला एक थोरली बहीण आहे. त्याच कंपनीची, इंजिन जड, म्हणून पुढचे ब्रेक मोठे. डिस्क मोठी, आणि डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा काढतो तो कॅलिपरही मोठा. ते सगळं काढून धाकटीला बसवता येतं. आणि ज्या जुन्या गाडीचं काढायचं, तिला व्हिडिओतली पोरं काय म्हणतात? डोनर!

मला शब्द फार आवडला. मी नगरला भावाला, सुनीलला, कामाला लावलं. भंगाराच्या गल्ल्या पालथ्या घाल म्हटलं, पण मला डोनर शोधून दे.

एके सकाळी त्याचा फोन आला. मी स्वयंपाकघरात, आणि पलीकडं ओसरीवर सासूबाई बाजरी निवडत बसलेल्या. आता माझ्या बाजूचं बोलणं तेवढं ऐका, त्यांनी ऐकलं तसं.

"डोनर मिळाला? खरंच? … अपघातातला? चालेल की! आतलं चांगलं आहे ना? … जुळतंय का ते आधी बघ बाबा, नाही जुळलं तर जिवाशी खेळ व्हायचा. … दोन्ही काढून घे. … हो, घाई कर, नाहीतर दुसरं कुणी नेईल. आणि हे बघ, ह्यांना एवढ्यात बोलू नकोस. नको म्हणून बसतील."

बाजरी निवडायचा आवाज थांबला होता. माझं लक्ष कुठं!

डोनर हा शब्द आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, चांगलाच ठाऊक. त्यांच्या माहेरी एकाला किडनी बसवली, तेव्हा त्या घरात दुसरा शब्दच नव्हता. त्यात आमचे हे आदल्या वर्षी मुतखड्यानं नगरच्या दवाखान्यात झोपून आलेले. आईंनी बसल्या जागी हिशेब लावला. मला मात्र एका शब्दानं विचारलं नाही. का? तर पोरं आपल्यापासून लपवतायत, मग आपणही कळलंय असं दाखवायचं नाही. माउलीचं काळीज हो!

दुसऱ्या दिवसापासून ह्यांच्या ताटातलं मीठ गेलं. मग चटणी गेली. मग भाकरी गेली आणि मुगाचं पाणी आलं. हे ते पाणी पीत माझ्याकडं बघायचे. त्यांना वाटलं, मी आईंना सांगून पथ्य लावलंय. मला वाटलं, ह्यांचंच पोट बिघडलंय. घरात कुणी कुणाला काही विचारत नव्हतं आणि मुगाचं पाणी तेवढं चालू होतं!

मग सुनीलचा फोन आला. ती भंगारातली गाडी आदल्या दिवशीच दुसऱ्या कुणी उचलली होती. मी कपाळाला हात लावून खाली बसले.

"काय झालं गं?" आईंनी विचारलं.

"डोनर गेला, आई. हातातोंडाशी आलेला गेला."

"अरे देवा! आता गं?"

"आता काय, दुसरा बघायचा. मी काही सोडत नाही."

आईंनी डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, बघा, सासू असावी तर अशी. सुनेच्या ब्रेकसाठी रडते!

त्या रात्रीचं जेवण होईपर्यंत आईंचा काष्टीला फोन गेला होता. काष्टीला ह्यांच्या चुलत्यांचं घर. चुलते गेले, आता काकू आणि त्यांचा मुलगा दत्तूभाऊजी. त्यांचं आमचं बोलणं बंद, का, तर माझ्या नणंदेच्या लग्नात दत्तूभाऊजींना फेटा बांधायचा राहिला! दत्तूभाऊजींकडं काय होतं, माहीत आहे? तीच थोरली बहीण. इंजिन जाम होऊन शेळ्यांच्या गोठ्यात पडलेली. मला आधीपासून माहीत होतं, पण फेट्याचा रुसवा मोडून मागणार कोण?

आणि एक दिवस सकाळी दारात जीप थांबली. काकू आणि दत्तूभाऊजी! काकूंनी आल्या आल्या आईंना मिठी मारली. दोघी रडायला लागल्या. मी म्हटलं, चला, फेटा एकदाचा विरघळला.

दत्तूभाऊजी खुर्चीत बसले. आडदांड माणूस, पण चेहरा उतरलेला. चहा घेतला नाही. घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, झालं गेलं इसरून जा. रक्ताचं नातं हाय. आईनं सांगितलं तुमची अडचन. मी द्यायला तयार हाय."

मला वाटलं, आईंनीच माझ्यासाठी शब्द टाकला. मी उडालेच! "खरंच भाऊजी?"

"व्हय. लई इचार केला. एक घ्या माझ्याकडनं. मला एकावर भागंल."

"एक?" मी म्हटलं. "एक घेऊन काय करू भाऊजी? एका बाजूला तुमचं आणि दुसऱ्या बाजूला जुनं? तसं चालत नाही. दोन्ही लागतात."

दत्तूभाऊजींनी आईंकडं बघितलं. "दोन्ही?"

"जोडीच लागते. द्यायचंच आहे तर मन मोठं करून दोन्ही द्या."

"आन् मी काय करू मग?"

"तुम्हाला कशाला लागतायत? तुम्ही वापरता कुठं? नुसती पडून तर आहेत इतकी वर्षं! गंजून जाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडू द्या."

काकूंचा पदर तोंडावर गेला. दत्तूभाऊजींच्या कपाळावर घाम. पण माणूस दिलदार हो! एवढं ऐकूनही उठून गेले नाहीत. उलट विचारलं, "काढायचं कुठं? पुन्याला जावं लागंल ना?"

"पुण्याला कशाला? तुमच्या गोठ्यातच काढू. मीच काढते."

"तुमी?"

"मग! गिरणीचं सगळं मीच करते की. उताणं झोपायला नको, गुडघ्यावर बसायला नको, बाजूनं जरा जॅक लावला की झालं. पाना आहे माझ्याकडं. नाहीच निघालं तर हातोडीचे दोन ठोके द्यायचे. मग रॉकेलनं स्वच्छ धुवायचं."

काकू किंचाळल्या. दत्तूभाऊजी खुर्चीसकट मागं सरकले. "वहिनी, तुमी शुद्धीवर हाय का?"

"का? काय चुकलं माझं?"

आईंना राहवलं नाही. "अगं, तो इलासला किडनी द्यायला आलाय! आन् तू दोन्ही मागतीस व्हय त्याच्या?"

"किडनी? ह्यांच्या किडनीला काय झालं?"

नेमके तेव्हाच हे पाळी संपवून दारात आले. हातात कागदात बांधलेली कांदाभजी, एक तोंडात. मुगाच्या पाण्याला कंटाळून वाटेतच खात आलेले. सगळी माणसं आपल्याकडं अशी का बघतायत, त्यांना कळेना. भजी गिळून म्हणाले, "कोण गेलं?"

मी तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी जमिनीनं मला पोटात घेतलं असतं तर मी आभार मानले असते. ज्या माणसाला आम्ही फेटा बांधला नव्हता, तो भावासाठी स्वतःची किडनी द्यायला काष्टीहून आला होता. आणि मी त्याला म्हणाले होते, नुसती पडून तर आहेत!

एकेक करून सगळं उलगडलं. फोन, भंगार, डोनर, मुगाचं पाणी. आई आधी मला बोलल्या, मग सुनीलला बोलल्या, मग देवाला हात जोडून पुन्हा मला बोलल्या. ह्यांनी तर दत्तूभाऊजींचा हात जो धरला, तो सोडेचनात.  दुसऱ्या हातानं भज्यांची पुडी मध्ये ठेवली.

मग दत्तूभाऊजींनी घाम पुसला. "मंजे, मला कायबी काढून द्यायचं न्हाई?"

आता इथं शहाणी बाई गप्प बसली असती. पण मला ती ट्रॉली दिसत होती ना डोळ्यासमोर! मी चाचरत म्हटलं, "द्यायचं आहे की भाऊजी. ब्रेक. … दोन्ही."

 तो आडदांड माणूस असा हसला की ओसरीवरच्या कोंबड्या उडाल्या. "वहिनी, ब्रेक काय, आख्खी गाडी घ्या! किडनी वाचली माझी!"

पुढच्याच आठवड्यात मी काष्टीला जाऊन, शेळ्या बाजूला सारून, डिस्क आणि कॅलिपर काढले. घरी आणून साफ केले, नवे पॅड घातले. बसवले, तर माझं चाक त्यावर बसेना! कॅलिपर मोठा, रिम लहान. पुन्हा काष्टी. थोरलीची चाकं आणली. ती बसली, तर ब्रेकचं पॅडल स्पंजासारखं. नळीत हवा. हे वर बसून पॅडल दाबतायत, मी खाली झोपून हवा सोडतेय. दाबा. सोडा. दाबा. बाटल्यांवर बाटल्या ब्रेक ऑइल गेलं, हवा काही संपेना.

"गाडीला गॅस झालाय, मुगाचं पाणी पाज," हे म्हणाले.

शेवटी काढताना घेतलेला फोटो मोबाईलवर बघितला आणि कळलं. डावा कॅलिपर मी उजवीकडं बसवला होता, उजवा डावीकडं. त्यामुळं हवा सोडायचा नळ तळाशी गेलेला. हवा बिचारी वर बसून आमची मजा बघत होती! निमूटपणे सगळं उघडलं, अदलाबदल केली, आणि पॅडल दगडासारखं घट्ट झालं. मिस्त्रीनं सगळे बोल्ट तपासले, स्वतः चालवून बघितली आणि उतरल्यावर फक्त मान हलवली. ती मान मी अजून विसरलेले नाही.

पहिली लांबची चक्कर कुठं? काष्टीलाच. आई पुढं बसल्या, हे मागं नवा कोरा फेटा मांडीवर घेऊन. नगरच्या पुढं एक म्हैस रस्त्यात आली. मी पाय ठेवला, गाडी जागच्या जागी उभी! म्हैस आमच्याकडं बघत आरामात गेली. आईंनी माझ्या पाठीवर एक थाप दिली.

काष्टीत दत्तूभाऊजींना ह्यांनी स्वतःच्या हातानं फेटा बांधला. माणसं जमली होती. मला वाटलं, आता कुणीतरी माझ्या ब्रेकबद्दल विचारेल. मी अगदी सावरून बसले.

काकू आतून ट्रे घेऊन आल्या. सगळ्यांपुढं एकेक कप ठेवला. माझ्यापुढं दोन.

"काकू, दोन कशाला?"

फेट्याचा तुरा सावरत दत्तूभाऊजी अख्ख्या बैठकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "असू द्या वहिनी. तुमाला एकावर भागत न्हाई, हे काष्टीत समद्यांना ठाऊक झालंय!"

काय करता? खाली मान घालून दोन्ही प्यायले.