दप्तरात सापडलेलं भिंग

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे विसरूनही गेलो. पण छत्रपती संभाजीनगरातल्या एका शाळेत घडलेला तो प्रकार काही केल्या डोक्यातून जात नाही. आठवला की आजही जीव चडफडतो.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, एवढ्यात ठाणे अंमलदार कसनुसा चेहरा करून आत आला. म्हणाला, "सर, एका पोरीचा फोन व्हता. शाळेच्या दुर्बिणीचं भिंग मुख्यमंत्र्याच्या दप्तरात हाय म्हणती."

"कोणाच्या?"

"शाळेतल्या मुख्यमंत्र्याच्या हो. माझी धाकटी बी आरोग्यमंत्री हाय तिच्या शाळेत."

आपल्याकडे शाळांत मुलांचं मंत्रिमंडळ असतं, रीतसर मतदान होऊन निवडलेलं. उभ्या नोकरीत मंत्र्यांचे बंदोबस्त केले, पण मंत्र्याची चौकशी करायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली. फोन शाळेच्याच ऑफिसातून आला होता. तिथून मुलं दिवसभर घरी फोन करतात, त्यामुळे कोणी केला ते कळेना.

मुलांचं प्रकरण असल्यामुळे साध्या कपड्यांत गेलो, सोबत महिला हवालदार घेतली. सायन्स क्लबच्या दुर्बिणीचं भिंग आदल्या दिवसापासून खरंच गायब होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी आमच्यासमोर मुख्यमंत्र्याचं दप्तर उघडलं. डब्याच्या खाली, रुमालात गुंडाळलेलं भिंग निघालं.

मुख्यमंत्री म्हणजे दहावीतली एक मुलगी. बजाजनगरला राहणारी, वडील वाळूजच्या एका कंपनीत कामगार. ते शिफ्ट अर्धी सोडून, कंपनीच्या कपड्यांतच धावत आले. माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरीनं घेतलं असंल तर मीच तिचं तंगडं मोडतो. पन दाखला काढू नका म्हणावं बाईंला. दहावीचं वरीस हाय. आता कोन घेनार तिला?"

बाई मात्र हट्टाला पेटल्या होत्या. "शाळेचं नाव जातं साहेब. मी आजच दाखला हातात देणार."

"शनिवारपर्यंत थांबा," मी म्हणालो. "एवढं माझं ऐका."

शनिवार म्हणालो त्याला कारण होतं. त्या शाळेत एक शपथ होती, मुलांनीच तयार केलेली, ऑफिसच्या भिंतीवर लावलेली. खोटं बोलणार नाही, कॉपी करणार नाही, दुसऱ्याची चूक सांगणार नाही, आपली लपवणार नाही. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं शनिवारच्या परिपाठाला स्वतः उभं राहून ती सांगायची. दुसऱ्यानं त्याचं नाव घ्यायचं नाही. मला हा पोरखेळच वाटला, पण बाईंना थांबवायला तेवढा आधार पुरे होता.

ग्रंथालयात बाईंच्या समोरच एकेका मंत्र्याला बोलावलं. सगळ्यांना प्रश्न एकच: भिंग तू घेतलंस का? मुख्यमंत्री सरळ डोळ्यांत बघून म्हणाली, "नाही, साहेब."

"मग दप्तरात कोणी ठेवलं?"

ती टेबलावरची पुस्तकं सारखी करायला लागली. मी आवाज चढवला. "अगं, तुझं वर्ष जाईल!"

"माहितीय, साहेब. पण शपथ हाय. ज्याची चूक त्यानंच सांगायची."

म्हणजे हिला माहीत होतं. वर्ष पणाला लावून बसलेली ती पोर बघून मला कौतुक वाटलं आणि रागही आला.

सहलमंत्री, क्रीडामंत्री, सगळे "नाही" म्हणून गेले. शेवटी शिस्तमंत्री आली. पाचवीपासून मुख्यमंत्र्याच्या बाकावर बसणारी तिची जिवाभावाची मैत्रीण. निवडणुकीत थोडक्यात पडलेली. शपथ लिहिली ती हिनंच, आणि रोज सकाळी मोबाईलसाठी सगळ्यांची दप्तरं तपासायचं कामही हिचंच.

"भिंग तू घेतलंस का?"

"ते तिच्या दप्तरात सापडलं ना, साहेब."

"तू घेतलंस का?"

"दुर्बिणीला सगळेच हात लावतात."

चौकशीत माणूस काय सांगतो यापेक्षा काय टाळतो ते बघावं. सराईत चोर पहिल्या झटक्यात "नाही" म्हणतो. हिच्या तोंडून "नाही" निघतच नव्हतं. मग फोनवरचं बोलणं आठवलं. भिंग दप्तरात आहे, एवढंच सांगितलं होतं. तिनं चोरलं, असं नव्हतं. पोरीनं मैत्रिणीचा गळा कापला, पण खोटं बोलायचं नाही हे कलम जिवापाड सांभाळलं! असला गुन्हेगार मला पुन्हा भेटला नाही.

मी आवाज उतरवला. "बाळा, फक्त 'नाही' म्हण. मी लगेच जातो."

ती हमसून रडायला लागली. "शपथ मी लिहिली, साहेब. तिचं गणित मी करून घेतलं. आणि मतं तिला! निकाल लागला तर तिनंच मला मिठी मारली. म्हणाली, खरं तर तूच पाहिजे होतीस. तेव्हापासून मला तिचं हसणंसुद्धा सहन होत नाही."

"मग पोलिसांना कशाला फोन?"

"बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी तिलाच विचारलं असतं. सगळे तिचंच खरं मानतात."

मत्सर काय असतो हे पोलिसाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडे पदकं जाहीर झाली की बघावेत एकेकाचे चेहरे. परक्याला पदक मिळालं तर कोणी बोलत नाही, सोबत ट्रेनिंग केलेल्याला मिळालं की जेवण जात नाही.

गुन्हा दाखल केला नाही, स्टेशन डायरीत नोंद घेतली. शनिवारी शिस्तमंत्री उभी राहिली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. मी मागे भिंतीला टेकून ऐकत होतो. चूक ऐकल्यावर मुख्यमंत्र्यानं "ऐकलं, खाली बस" म्हणायचं, अशी तिथली रीत. मुख्यमंत्री तेवढं म्हणाली, पण मैत्रिणीकडे बघितलं नाही.

दाखल्याचा विषय संपला. वडील माझ्या पाया पडायला वाकले, मी त्यांना मध्येच धरलं. तेवढ्यात मुलगी दप्तर घेऊन आली, म्हणून सहज विचारलं, "आता तरी बरं वाटतं का?"

"नाय, साहेब. तिनं दप्तर तपासताना हात आत घातला ते मी बघितलं व्हतं. मला वाटलं चिठ्ठी ठेवती. आम्ही ठेवायचो एकमेकींच्या दप्तरात." एवढं बोलून ती वर्गात गेली आणि नेहमीचा बाक सोडून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

तपास लागला की मुद्देमाल पंचनामा करून मालकाच्या ताब्यात द्यायचा, एवढंच आम्हाला शिकवलेलं. शाळेला भिंग मिळालं, मुलीचं वर्ष वाचलं, कागदोपत्री प्रकरण निकाली निघालं. पण तिचं जे चोरीला गेलं होतं ते मला परत आणून देता आलं नाही, आणि त्याची फिर्याद कोणत्या ठाण्यात द्यायची हे मला अजून कळलेलं नाही.