चाय-पानीवाले साहब

त्यांना ‘चाय-पानीवाले साहब’ हे नाव माझ्यामुळे पडलं. त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ओळखीचा माणूस दिसला की मान हलवून पुढे जाणारे टीसी तुम्हीही पाहिले असतील. आमचे हे टीसी तसले नव्हते. हबीबगंजहून होशंगाबादला अपडाउन करणारे आम्ही सकाळच्या शटलमध्ये मांडीवर रुमाल पसरून पत्ते खेळायचो. टीसी आला की पानांवरून नजर न काढता नुसतं ‘एमएसटी’, म्हणजे महिन्याचा पास, एवढं म्हणायचं, की झालं. बाकीच्या टीसींना तेवढं पुरायचं. हे मात्र हात पुढे करून उभे राहत.

‘‘एमएसटी.’’

‘‘सुन लिया. अब दिखा भी दीजिए.’’

मला तेच मराठीत ऐकवत. याचा मला जास्त राग यायचा. माझी बायको कारखान्यात होती, आम्ही तिथल्याच वसाहतीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. हे टीसी पलीकडे अवधपुरीत. मूळचे नागपूरचे. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत पंगतीत वाढताना ‘‘घ्या न जी अजून एक’’ म्हणून पानात बळेच मोदक टाकणारा हा माणूस गाडीत चढला की अनोळखी होई.

एकदा माझ्या पासची मुदत संपली होती. नवा काढायचा आळस केला होता.

‘‘अहो, काल तर शेजारी बसून जेवलो आपण,’’ मी हळूच म्हणालो.

‘‘जेवलो न जी. पण पास संपला आहे तुमचा.’’ आणि ते दंडाची पावती फाडायला लागले.

सगळा डबा बघत होता. माझे कान तापले. मी मोठ्यांदा म्हणालो, ‘‘साहब, पर्ची रहने दो. चाय-पानी बोलो, वो रोज़ वाला!’’

डबा खो-खो हसला. त्यांनी पावती पूर्ण लिहिली, माझ्या हातात दिली आणि पुढच्या बाकाकडे वळले.

त्यानंतर ते डब्यात शिरले की कुणीतरी ओरडायचंच, ‘‘आ गए चाय-पानीवाले!’’ मंडीदीपला चढणारी पोरंसुद्धा. मी मान खाली घालून पानं लावत बसायचो. आज बोलायचं, बुधनी स्टेशन यायच्या आत बोलायचं, असं ठरवायचो. बुधनी मागे पडायची. स्वतःची इतकी चीड यायची, की चांगली पानं आली तरी डाव हरायचो.

मग ते नाव गाडीतून वसाहतीत आलं. स्कूलबसमध्ये मुलं त्यांच्या मुलीला तेच चिडवू लागली. तिने बसने जाणं सोडलं. गणपतीला ते वाढायला आले नाहीत. त्यांनी नागपूरला बदली मागून घेतल्याचं कळलं, तेव्हा कुठे मी अवधपुरीत त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

हॉलमध्ये सामान बांधायला काढलेलं. त्यांनी खुर्ची रिकामी करून दिली. मी सगळं बोललो. खोटं बोललो, चुकलो, माफ करा. एवढी वर्षं मराठी मुलखाबाहेर काढून माझी मराठी इतकी शुद्ध कधी निघाली नव्हती.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘मराठीत कशाला सांगता? मराठीत माझी बदनामी कुठे झाली?’’

त्यांच्या बायकोने आणलेला चहा मी तसाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या डब्यात चढले. त्यांचा तो शेवटचा आठवडा होता. नेहमीची आरोळी उठली. मी पत्ते रुमालावर पालथे टाकले आणि उभा राहिलो. शेजारचा म्हणाला, ‘‘क्या हुआ भाई, उतरना है क्या?’’

‘‘सुनो सब लोग,’’ मी म्हणालो. ‘‘इन्होंने कभी किसी से एक पैसा नहीं लिया. मेरा पास खतम था, मैं पकड़ा गया, इसलिए मैंने झूठ बोला. साहब, मुझे माफ कर दीजिए.’’