अर्धवट बसलेली पिन

डी. बी. सर दुसऱ्याने वापरलेला हेडफोन कधी कानाला लावत नसत. "लोकेसना घाम कानले लागस," म्हणत आणि तोंड वाकडं करत. कॉलेजच्या लोकगीत प्रकल्पाचे ते प्रमुख, मी त्यांची मदतनीस. मूळचे कळसाडी गावचे, घरची बागायत. वर्गात चोख मराठी, गाडीत बसले की अहिराणी. गेल्या वर्षी ते वारले. शोकसभेत सगळे त्यांच्या हसण्याबद्दल बोलले. मी उठून बाहेर आले.

रेकॉर्डरला बाहेरचा माइक जोडताना पिन खट्ट होईपर्यंत आत गेली का आणि हेडफोनमध्ये आवाज येतोय का, एवढंच पाहायचं असतं. सरांना त्याचाही कंटाळा. "लाल दिवा लागना, काम व्हयनं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नवापूरकडच्या डोंगरात आम्ही सुमीबाईंकडे गेलो. सत्तरी ओलांडलेली, दम्याने वाकलेली बाई. कोकणी आदिवासींची पेरणीची गाणी अख्खी येणारं त्या गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. सरांनी त्यांच्या पदराला माइक अडकवला आणि लगेच खिशातून सॅनिटायझर काढून हात चोळले, त्यांच्यासमोरच. सुमीबाईंनी ते पाहिलं आणि पदराने स्वतःचे हात पुसले.

गाणं सुरू झालं, पण रेकॉर्डरच्या पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा हलेनात.

"सर, पिन बघू का?"

"मधी मधी बोलू नको. दिवा दिखस ना तुले?"

दोन तास सुमीबाई धापा टाकत, घोट घोट पाणी पीत गात होत्या आणि मी त्या मेलेल्या रेघांकडे बघत होते.

कॉलेजात येऊन ऐकलं तर नुसती घरघर. "पुन्हा जाऊ," असं मी दर आठवड्याला म्हणे. "जाऊत ना," असं सर हसून म्हणत. पावसाळा संपला, गाडी काही निघाली नाही. मग सुमीबाई गेल्याची बातमी आली.

त्यांची मुलगी वनिता मजुरीचा दिवस बुडवून कॉलेजात आली. "सर, आईचं गाणं द्या. दिवसकार्याला लावायचंय."

सरांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता दुसऱ्याच एका बाईचं गाणं तिच्या फोनमध्ये टाकलं. मी हळूच म्हटलं, "सर, हे त्यांचं नाही." तेही हळूच म्हणाले, "सगळ्या म्हताऱ्या एकसारख्याच गातस. कोनले समजाव शे?"

वनिताने फोन कानाला लावला. थोडं ऐकून म्हणाली, "ही माझी आई नाय."

"मशीनमध्ये आवाज बदलतो, ताई," सर म्हणाले. तेच हसू.

"ताई, आईचा आवाज आलाच नाही," मी म्हटलं. "पिन अर्धवट बसली होती. मला दिसत होतं."

सरांनी घड्याळ पाहिलं आणि तासाला निघून गेले. त्यांच्याबरोबरचं माझं काम त्या दिवशी संपलं.

वनिता बसून राहिली. रडली नाही, भांडलीही नाही. ते गाणं पुसून टाकू का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "नको. ही पण कुणाची तरी आई असंल. कोण आहे ती? गाव कुठलं?"

त्या बाईचं नाव-गाव सरांनी लिहून घेतलं नव्हतं. मीही नाही.