लाकडाला तरतूद नाही

फुकटच्या वस्तूचं नाव काढलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. लोक म्हणतात, मिस्त्रींची सून भांडकुदळ आहे. आहेच! सासऱ्यांचा धंदा डोळ्यांदेखत बुडाला, तेव्हा मी काय टाळ्या वाजवायच्या होत्या?

माझे सासरे होड्या बांधायचे. खाडीकाठी पत्र्याची शेड, आत भुसा, डांबराचा वास आणि सासऱ्यांचा आरडाओरडा. माणूस तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकाने रंग कुठला देणार विचारलं, तर म्हणायचे, "माशांना दाखवायचाय का?" पण कामाची त्यांची एक रीत होती. नवी होडी ज्या दिवशी पाण्यात जायची, त्याच दिवशी त्या घराच्या पुढच्या होडीचे ओंडके ते खाडीच्या चिखलात पुरायचे. खाऱ्या चिखलात लाकूड वर्षानुवर्षं मुरतं, चीक निघून जातो, मग फळी वाकत नाही. ही होडी म्हातारी होईस्तोवर पुढचीचं लाकूड तयार. ओंडके गिऱ्हाइकाचे, राखण आमची. अख्ख्या वस्तीच्या पुढच्या होड्या आमच्या शेडमागे चिखलात पडून असायच्या.

मग ते मेलं वादळ आलं. माणसं वाचली, होड्यांचा चुराडा झाला. पाणी ओसरलं तशी शेडपुढे रांग लागली. सासरे आणि माझा नवरा, दोघांना जेवायला फुरसत नव्हती. हाताखाली आणखी सुतार घेतले, करवती सुरू झाल्या.

आणि परदेशातून मदत आली. तांदूळ आले, औषधं आली, त्यांना मी हात जोडले. पण पाठोपाठ फायबरच्या पांढऱ्याशुभ्र होड्या आल्या, बाजूला देणाऱ्यांचा झेंडा रंगवलेला. घरटी एक, फुकट. अहो, होड्या बांधणारे होते ना इथे! एकाने तरी शेडमध्ये डोकावून विचारलं का?

रांग मोडली. शेजाऱ्यांना मी बोल लावत नाही. घरात पोरं उपाशी असताना दारात आलेली होडी कोण परत पाठवेल? पण मग तेच लोक ओंडके मागायला आले. "मिस्त्री, आता लाकूड काय कामाचं? आमचं आम्हाला द्या." वखारवाला टेम्पो घेऊनच आला होता. सासऱ्यांनी सगळ्यांचा उद्धार केला, पण लाकूड लोकांचं, अडवणार कसं? मुरलेल्या लाकडाच्या दारांच्या चौकटी झाल्या, उरलेलं चुलीत गेलं. सुतार पांगले. नवरा शहरातल्या बंदरावर हमाली करायला गेला. "शेड सुरू झाली की त्याच दिवशी येतो," म्हणाला. तेव्हा आमची लेक रांगत होती. आता ती शाळेत जाते, आणि बाप म्हणजे फोनमधला आवाज.

त्या पांढऱ्या होड्या काही वर्षांतच तळाला तडकल्या. सांधायचा माल यायचा परदेशातूनच, आणि तो कुणाला परवडणार? लोक मान खाली घालून आले. "मिस्त्री, लाकडाचीच बांधा."

"कशाची बांधू? तुझ्या दाराच्या चौकटीची?" सासरे खेकसले.

पण त्या दिवसापासून म्हातारा तरतरीत झाला. मुरलेलं लाकूड दूरच्या वखारींत मिळत होतं, भांडवल तेवढं हवं होतं. तेवढ्यात कळलं, मदतवाल्यांचे साहेब शाळेत सभा घेणार. सासऱ्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. नवरा फोनवर म्हणाला, "साहेबांनी लाकडाला हो म्हटलं, तर मी लगेच गाडी पकडतो."

साहेब फार गोड बोलले, आणि दुभाष्याने सांगितलं, "लाकडाला तरतूद नाही. होड्यांना आहे. त्या साहेबांच्याच देशातल्या कारखान्यातून घ्याव्या लागतात, तसा नियम आहे. आणि इथे होड्या बांधण्याचा व्यवसाय उरलेला नाही, म्हणूनच नव्या होड्या मंजूर झाल्या आहेत."

मी उठलेच. "उरला नाही? मोडला कुणी तो? आधी आमच्या पोटावर पाय द्यायचा आणि मग आम्हीच लुळे म्हणून कळवळायचं! तुमचा कारखाना चालावा म्हणून आमची शेड बंद, आणि वर उपकार आमच्यावर? लाज नाही वाटत?" मी किती वेळ ओरडले कोण जाणे. दुभाष्या साहेबांच्या कानात दोनच शब्द बोलला. साहेब हसले आणि मला "धन्यवाद" म्हणाले. शेजारी सासरे मांडीवरच्या हातांकडे बघत बसले होते. त्या माणसाला मी गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

घरी येते तोच फोन वाजला. लेक माझ्या पदराला लोंबकळत होती, "बाबा ना? मला दे ना!" म्हणत.

"काय म्हणाले गं? निघू का?" त्याच्यामागे क्रेनची घरघर ऐकू येत होती. "सामान बांधून ठेवलंय मी."

"होड्या येतायत," मी म्हटलं.

"परत? कुठे उतरणार?"

"तुझ्याच बंदरावर."

"आणि मी?" त्याने विचारलं.

"सामान सोड," मी म्हटलं. "त्या उतरवायला माणसं लागतील त्यांना."

आणि फोन लेकीच्या हातात दिला.